परदेशातून दत्तक घेताना थांबायचं कसं: कोलंबस ते शिवाजी पेठ

भारतातून मूल दत्तक घेण्यासाठी आम्ही नोंदणी केली जानेवारी २०२१ मध्ये आणि लेकीला घेऊन विमानात बसलो फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधली चार वर्षं वाट पाहण्यात गेली. त्यातली बहुतेक अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात, आणि शेवटचे चार महिने कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या सासरच्या घरी. दोघंही मूळचे कोल्हापूरचे, पण आता अमेरिकेचे नागरिक, हातात ओसीआय कार्ड (परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते). आमच्यासारखी बरीच मराठी जोडपी या वाटेवर आहेत. फोनवर तीच ती भीती, तेच ते प्रश्न ऐकू येतात. म्हणून आम्हाला जे ठेच लागून कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. कागदांचं लिहिणारच आहे, पण मन कसं सांभाळलं तेही लिहिणार आहे, कारण कागद कुणीही सांगतं, रात्री अडीचला जाग आल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही.

१. तुमची वाट कोणती ते आधी नीट समजून घ्या

भारतातून मूल दत्तक घेऊन परदेशात न्यायचं असेल तर सगळं काही दिल्लीच्या केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणामार्फत होतं. सगळे त्याला 'कारा' म्हणतात. नोंदणी केअरिंग्ज पोर्टलवर होते. परदेशात राहणाऱ्यांना ती थेट करता येत नाही. काराने मान्यता दिलेल्या तिथल्या दत्तक एजन्सीमार्फत करावी लागते. एजन्सी निवडताना एकच गोष्ट विचारा: कारासोबतची तुमची मान्यता आज चालू आहे का? आणि त्याचा कागद मागून घ्या.

अमेरिका आणि भारत दोघेही हेग दत्तक कराराचे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, सदस्य आहेत. भारतात तो २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत २००८ पासून. या करारामुळे एक ठराविक क्रम पाळावाच लागतो, आणि तो चुकला तर मुलाचा व्हिसा अडकतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मी दिलाय तसाच धरा.

भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआय पालकांना ज्येष्ठता यादीत (वाट पाहणाऱ्यांच्या क्रमवारीत) इथल्या पालकांच्या बरोबरीने धरतात. ओसीआय पालकांसाठी नियम वेगळे आहेत. नात्यातल्या कुणी "माझ्या ओळखीच्यांना वर्षात मूल मिळालं" असं सांगितलं तर ते कोणत्या गटात होते ते विचारा, मगच तुलना करा.

वयाचा हिशेब पहिल्याच दिवशी करा. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज जास्तीत जास्त ८५ चालते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. नोंदणीच्या तारखेचं वय धरतात. ८५ ची मर्यादा आमच्या नोंदणीनंतर, २०२२ च्या नियमांनी आली, आणि आमची बेरीज ८६ भरली. एका वर्षाने तान्हं बाळ आमच्या वाट्याचं राहिलं नाही. त्या संध्याकाळी मी खूप रडले. आज लेक शेजारच्या खोलीत झोपलेली असताना ते रडणं आठवलं की वाटतं, ती ज्या वयात आमच्याकडे आली, त्याच वयाची ती आमची होती.

आणि एक सापळा. गावाकडून कधी ना कधी फोन येतोच: "एक बाई आहे, बाळ द्यायला तयार आहे, दत्तकपत्र करून टाकू." त्या वाटेला पाऊलसुद्धा टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नियम डावलून मूल घेणं-देणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या आईला कुणी दबावाखाली आणलंय का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

२. दोन वह्या आणा

ही पायरी कुठल्याही एजन्सीच्या यादीत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे.

पहिली वही तारखांची. आमची लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली. सासरे महाद्वार रोडवरून दरवर्षी आणायचे, त्यातलीच एक मी कोलंबसला नेली होती. तिच्यात प्रत्येक कागदाची मुदत लिहायची, कारण इथे दोन देशांची दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. काराकडे गृह-अभ्यास अहवाल (घरी येऊन कुटुंबाची पाहणी करून लिहितात तो) तीन वर्षं चालतो. अमेरिकेची आय-८००ए या अर्जाची, म्हणजे तुम्ही दत्तक पालक म्हणून योग्य आहात याची, मंजुरी पंधरा महिनेच चालते, बोटांच्या ठशांचंही तसंच. त्यासाठी देताना गृह-अभ्यास सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. पोलीस दाखला, वैद्यकीय दाखला, नोकरीचं पत्र, प्रत्येकाचं आपलं गणित. मुदत संपायच्या चार महिने आधीची तारीख लाल शाईने लिहा आणि त्या दिवशी कामाला लागा. आमचे एक स्नेही मुदतवाढ वेळेत न केल्यामुळे मूल सुचवल्यानंतर तीन महिने नुसते थांबले होते, आणि तिकडे मूलही थांबलं होतं.

दुसरी वही मुलासाठी. तिच्यात तारखा लिहायच्या नाहीत. मूल कुठे असेल, काय खात असेल, आज तुम्ही काय केलं, असं काहीही लिहा. मी दर शुक्रवारी देवीपुढे दिवा लावून एक पान लिहायची. सुरुवातीला हात अडखळायचा. कुणाला लिहितोय तेच माहीत नाही! पण पुढे ते पान लिहिल्याशिवाय आठवडा पुरा झाल्यासारखा वाटेना.

या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या की मनातही दोन कप्पे वेगळे राहतात. तारखेची काळजी पहिल्या वहीत, तिच्यावर काम करता येतं. ज्यावर काम करता येत नाही ते दुसरीत लिहायचं आणि अंबाबाईपुढे ठेवायचं. माझी श्रद्धा या चार वर्षांत टिकली ती या वाटणीमुळे. देवीकडे मी कधी तारीख मागितली नाही.

३. कागदपत्रं

ही यादी आमची. तुमच्या राज्यानुसार एखाददुसरा कागद कमी-जास्त होईल.

- दोघांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड
- दोघांचे जन्मदाखले
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र (लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात)
- राहत्या पत्त्याचा पुरावा
- उत्पन्नाचा पुरावा आणि कर विवरणपत्रं
- दोघांचे वैद्यकीय दाखले
- पोलीस दाखले
- ओळखीच्या लोकांची शिफारसपत्रं
- कुटुंबाचे अलीकडचे फोटो
- गृह-अभ्यास अहवाल
- पालक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (अमेरिकेत किमान दहा तासांचं लागतं, झोपा काढून उरकू नका, सातव्या पायरीला त्यातलं सगळं उपयोगी पडतं)

अमेरिकेतले कागद आधी नोटरी, मग अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला). ज्या राज्यात कागद झाला त्याच राज्याचं अपोस्टिल लागतं. आम्ही पूर्वी दुसऱ्या राज्यात राहायचो. तिथला एक दाखला ओहायोत पाठवला आणि तो तसाच परत आला, पाच आठवडे गेले.

आता नावांचा घोळ. मराठी बाईच्या बाबतीत तो हमखास होतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधलं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं, आणि माझ्याच नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक 'ए' तर दुसऱ्यावर दोन. आपल्याला ती सगळी एकच बाई दिसते. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला चार दिसतात. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडा आणि नावांवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक किरकोळ असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. फरक मोठा असेल तर नाव बदलाची राजपत्रातली नोंद लागू शकते, आणि ती कोल्हापूरला सुट्टीवर आल्यावर करून घेतलेली बरी.

पैशांबाबत एवढंच: ठरलेली फी ठरलेल्या खात्यात, पावतीसह. मूल ज्या संस्थेत आहे तिला दत्तकाच्या बदल्यात देणगी घेता येत नाही. कुणी सुचवलं तर एजन्सीला लेखी कळवा.

४. तिकडे थांबण्याची वर्षं

नोंदणी झाली की एक विचित्र शांतता येते. करण्यासारखं काही उरत नाही. पोर्टलवरचा क्रमांक रोज बघायची सवय लागते. आम्ही ठरवलं, महिन्यातून एकदाच बघायचा, पहिल्या रविवारी, दोघांनी मिळून. तुम्हीही असं काही ठरवा, नाहीतर तो आकडा घर खाऊन टाकतो.

मित्रमंडळींना वेळेचा अंदाज सांगू नका. आम्ही "दोन वर्षं लागतील" असं एका कार्यक्रमात बोलून गेलो आणि मग प्रत्येक गणपतीला, प्रत्येक दिवाळीला "काही कळलं का?" सुरू झालं. विचारणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण उत्तर देणाऱ्याला दर वेळी नव्याने दुखतं.

आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) पहिल्याच वर्षी जोतिबाला नवस बोलायचं काढलं. मी त्यांना म्हटलं, नवस जरूर बोला, पण मूल लवकर यावं असा नको. मूल जिथे आहे तिथे सुखात असावं, असा बोला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय, आणि तिच्या आईसाठी बी बोलते." माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. कुठेतरी एक बाई आहे, जिच्या पोटी हे मूल आलं आणि जिला ते ठेवता आलं नाही. आपण ज्या दिवसाची वाट पाहतो तो दिवस तिच्या दुःखावर उभा आहे. त्या दिवसापासून दर शुक्रवारी दिवा लावताना तिचंही स्मरण करतो. आमच्या घरात ते आजही चालू आहे, लेकीच्या देखत.

या वर्षांत करण्यासारखं आणखी एक: घरात मराठी बोलत राहा. आम्ही कामाच्या नादात अर्धं इंग्रजी बोलायला लागलो होतो. महाराष्ट्रातलं तीन-चार वर्षांचं मूल आलं तर त्याला आपली भाषा हाच पहिला आधार असतो. दुसऱ्या राज्यातलं मूल सुचवलं गेलं तर त्या भाषेतली पंचवीस-तीस वाक्यं शिकून ठेवा: भूक लागली का, भीती वाटते का, मी इथेच आहे.

५. मूल सुचवलं जातं तेव्हा

एजन्सीकडून तीन गोष्टी येतात: मुलाचा फोटो, बाल-अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. फोटो उघडला की अहवाल वाचायचं भान राहत नाही. माझं ऐका, अहवाल आधी वाचा. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडून वैद्यकीय अहवाल वाचून घ्या आणि शंका लेखी विचारा. उत्तर द्यायची मुदत मोजकीच असते, म्हणून डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. आमच्या लेकीच्या अहवालात वजन कमी होतं आणि बोलणं उशिरा सुरू झाल्याची नोंद होती. कोल्हापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी शांतपणे एकेक ओळ समजावली, तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

तुम्ही होकार दिलात की क्रम असा: एजन्सीच्या मदतीने तुम्ही अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे त्या मुलासाठी आय-८०० अर्ज करता, त्याची तात्पुरती मंजुरी येते, मग दिल्लीचा अमेरिकी दूतावास हेग कराराच्या कलम ५ चं पत्र देतो, आणि मग कारा ना हरकत प्रमाणपत्र देते, म्हणजेच एनओसी. एनओसी येईपर्यंत मूल ताब्यात घ्यायचा किंवा दत्तकाचा आदेश मिळवायचा प्रयत्न करू नका, कितीही जीव तुटला तरी. क्रम मोडला तर सगळं अडतं.

आणि फोटो! कौटुंबिक ग्रुपवर टाकू नका. फेसबुकवर तर नाहीच. मुलाची ओळख जाहीर करण्यावर कायद्याने बंदी आहे. आम्ही आत्यांना फोटो व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी फोनच्या काचेवरूनच कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

६. एनओसीनंतर: तिकडे थांबायचं की इकडे यायचं

बहुतेक कुटुंबं आदेश होईपर्यंत परदेशातच थांबतात. पण एनओसी मिळाल्यावर, आदेश व्हायच्या आधी, मुलाला दत्तकपूर्व संगोपनासाठी भारतातच आपल्याजवळ ठेवता येतं. त्यासाठी संस्थेला हमीपत्र लिहून द्यावं लागतं. आमची लेक पश्चिम महाराष्ट्रातल्याच एका संस्थेत होती आणि कोल्हापूरला घर होतं. आम्ही यायचं ठरवलं. या निर्णयाबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे: सुट्टी, पैसा आणि घर यांचा मेळ बसत असेल तर या. विमानात बसायच्या आधी मुलाला तुमचा वास, आवाज, हात ओळखीचे झालेले असतात. तेही त्याच्याच मातीत.

येण्याआधी काय बघायचं:

कामावरून किती दिवस मिळतात ते लेखी घ्या आणि त्यात दीड महिना जास्तीचा धरा. आमचा हिशेब अडीच महिन्यांचा होता, लागले चार. नवरा सुनावणी झाल्यावर परतला, मी राहिले. परतीची तिकिटं तारीख बदलता येणारीच काढा.

कॅलेंडर बघा. आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये आलो आणि विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. दत्तकाचा आदेश देणारे जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारीही असतात, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर पुराचं लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने काय केलं ते आपल्याला सांगायला नको. त्या दिवसांत सगळी यंत्रणा लोकांना बाहेर काढण्यात असते, आणि असायलाच हवी.

७. घरातले पहिले पंधरा दिवस

संस्थेतल्या मावशींजवळ निवांत बसा. लेक किती वाजता उठते, वरणभात कालवून लागतो की वेगळा, झोपताना कोण थोपटतं, कशाला घाबरते, सगळं विचारा आणि लिहून घ्या. तिची नेहमीची चादर किंवा फ्रॉक मागून आणा, आणि धुऊ नका.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती घरी आली. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळला, पण आम्ही घरात पाचच माणसं ठेवली होती. पाव्हण्यांना आधीच निरोप दिला होता की दिवाळी होऊ दे, मग या. काही जण रुसले. रुसू द्या.

पहिल्या सकाळी साडेपाचला मला जाग आली तर ती अंथरुणाशेजारी उभी. पांघरुणाची चौपदरी घडी, कडा कडेला जुळलेली, दोन्ही हातांवर धरलेली. मला जागं झालेलं बघून विचारलं, "कुठं ठेवू?" चार वर्षांची पोर. मी म्हटलं, ठेवायची नाही, ये, अजून झोपू. तिला ते कळेना. घडी मोडायला तिला नऊ दिवस लागले. मी दुसऱ्या वहीत मोजले आहेत.

असं काही दिसलं की कौतुक करू नका आणि हळहळूही नका. मूल शिस्तीचं आहे म्हणून शेजारीपाजारी वाहवा करतील. ती शिस्त म्हणजे तिची जगायची रीत होती. ती हळूहळू सैल होऊ द्या. उशीखाली भाकरीचा तुकडा सापडला तर रागावू नका. आम्ही तिच्या हाताला येईल अशा कप्प्यात चुरमुऱ्याचा डबा ठेवला आणि सांगितलं, हा तुझा, केव्हाही घे. पहिले दिवस ती दर तासाला नुसतं झाकण उघडून बघायची.

बाहेर थोडं थोडं न्या. आम्ही संध्याकाळी गंगावेशला दूध कट्ट्यावर जायचो. म्हशीच्या धारा काढताना बघत ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरायची. महिन्याभराने तीच मूठ सोडून म्हशीजवळ गेली. रंकाळ्याला रविवारी नको, गर्दी फार.

लोक बोलणार. त्याची तयारी घरातल्यांची करून घ्या. "खरे आई-बाप", "पोरीनं नशीब काढलं", "तुमचे उपकार" हे तीन शब्दप्रयोग आमच्या घरात बंद आहेत. पेठेतल्या एका आजींनी दारातच विचारलं, "पोरगी कुणाची गं?" आत्या म्हणाल्या, "आमचीच की." आजींनी रक्ताचं काही काढलं, तेव्हा आत्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं: आपले शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, तेव्हा ते दहाव्या वर्षात होते. या गावाने त्यांना कधी परकं मानलं? आजी पुढच्या शुक्रवारी लेकीसाठी परकर-पोलकं घेऊन आल्या.

८. आदेश

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ज्या जिल्ह्यात संस्था आहे तिथले. अर्ज संस्था करते, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून कागद तपासले जातात. सुनावणी बंद दालनात होते. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत प्रकरण निकाली काढावं असं कायदा सांगतो.

इथला सगळ्यात महत्त्वाचा सापळा: मुलाचं नाव. अर्जात जे नाव आणि जे स्पेलिंग जाईल तेच आदेशात, तेच जन्मदाखल्यात, तेच पासपोर्टात, तेच व्हिसात. आदेशाचा मसुदा दाखवत असतील तर अक्षर अन् अक्षर वाचा. तुमचीही नावं पासपोर्टबरहुकूम हवीत. आम्ही लेकीचं पहिलं नाव तेच ठेवलं. चार वर्षं ज्या नावाला तिने ओ दिली ते काढून घ्यायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटलं नाही. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी.

आमची सुनावणी दोनदा पुढे गेली. एकदा निवडणुकीमुळे, एकदा एका कागदावरची सही राहिल्यामुळे. हे दिवस सगळ्यात कठीण. तोवर ती मला 'आई' म्हणायला लागली होती आणि कायद्याने मी अजून तिची कुणी नव्हते.

नोव्हेंबरच्या त्या दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव होता. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी परंपरा. लहानपणापासून बघत आलेय. एखाद्या वर्षी ढग येतात, वाटेत इमारतीचा अडसर होतो, किरण पायरीशीच थांबतात, आणि जमलेले लोक हात जोडून तसेच परततात. कुणी देवीवर रागावत नाही, पुढच्या दिवशी पुन्हा येतात. त्या संध्याकाळी मी लेकीला कडेवर घेऊन गर्दीत मागे उभी होते. समोरचं काही दिसत नव्हतं. ती माझ्या कानात म्हणाली, "आई, ऊन कुठं चाललंय?" मी म्हटलं, देवीला भेटायला. "मग येणार परत?" मी म्हटलं, उद्या. घरी आल्यावर लाल वही उघडली आणि राहिलेल्या सहीचं काम पुढच्या दिवसात लिहून ठेवलं.

आदेश डिसेंबरच्या मध्यावर झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला विचारलं, कुणासोबत आलीस? तिने नवऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

९. आदेशानंतरची धावपळ

इथून पुढे भराभर हलायचं.

आदेशाच्या साक्षांकित प्रती किमान चार घ्या. जन्मदाखला तुमच्या पालक म्हणून नावांसह संस्थेमार्फत निघतो. त्याच्याही चार-पाच मूळ प्रती घ्या, पुढे शाळेपासून सगळीकडे लागतात. कारा हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे अनुरूपता प्रमाणपत्र देते. हा कागद जिवापाड जपा, दत्तक कराराप्रमाणे झालं याचा पुरावा तोच.

मुलाचा पासपोर्ट भारतीय निघतो. कोल्हापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. अर्ज भरताना नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ जन्मदाखल्याशी ताडून बघा. फोटोला मूल रडलेलं चालत नाही, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप होऊ द्या.

मग दिल्ली. व्हिसाआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी करतात. निकालात शंका आली तर पुढच्या तपासण्यांत दिवस जातात, ते धरून चाला. संस्थेकडचं लसीकरणाचं कार्ड मूळ स्वरूपात न्या. अमेरिकी नागरिकांनी भारतातच पूर्ण दत्तक घेतलेल्या मुलाला आयएच-३ व्हिसा मिळतो. सोबत मिळणारं पाकीट सीलबंद असेल तर ते फोडू नका.

दिल्लीला आत्या आल्या नाहीत. स्टेशनवर त्यांनी माझी ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. मग लेकीच्या फ्रॉकच्या ओंजळीत एक सुपारी टाकली आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पुढच्या वेळी येशील तवा आणून दे मला परत."

१०. परतल्यावर

आयएच-३ व्हिसावर अठरा वर्षांखालचं मूल नागरिक पालकांबरोबर अमेरिकेत दाखल झालं की त्याच क्षणी अमेरिकेचं नागरिक होतं. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पोस्टाने येतं. पत्ता बदलणार असाल तर ते आल्यावर बदला.

पहिली दोन वर्षं एजन्सीमार्फत काराला अहवाल जातात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, मिळून सहा. चुकवू नका. तुमच्यामागे रांगेत असलेल्या कुटुंबांचा विश्वास त्यावर उभा असतो.

शेवटचा सापळा बहुतेकांना कोल्हापूरचं तिकीट काढतानाच कळतो. अमेरिकेचं नागरिकत्व आलं की मुलाचा भारतीय पासपोर्ट प्रवासाला वापरता येत नाही. आधी अमेरिकी पासपोर्ट काढायचा, मग भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून त्याचा दाखला घ्यायचा, आणि मग ओसीआयचा अर्ज. यात महिने जातात. गणपतीला गावी यायचं असेल तर संक्रांतीलाच सुरुवात करा. भारतीय पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा, पहिल्या पानावरचा तो रडून लाल झालेल्या नाकाचा फोटो परत कुठे मिळायचा नाही. आमचा ओसीआयचा अर्ज गेलाय. सुपारी लेकीच्या चुरमुऱ्याच्या डब्यात आहे.